मंगळवारचं खूळ

पाणीपुरवठा खातं आणि विनोद यांचा एकमेकांशी संबंध यावा, असं कुठल्याही सभ्य गावात घडत नाही. अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये घडलं. तिथल्या जलाशयांची पातळी दर मंगळवारी रात्री नऊच्या ठोक्याला धाडकन खाली जायची म्हणे. नऊ ते नऊ वाजून पाच मिनिटं, बस्स. बुधवारी काही नाही, शुक्रवारी काही नाही. शेवटी चौकशी बसली आणि निघालं काय? तर अख्खं शहर आठ ते नऊ टीव्हीपुढे ठाण मांडून, निसर्गाची हाक कानाआड करून बसायचं आणि कार्यक्रम संपला रे संपला, की घरोघर एकाच वेळी साखळी ओढली जायची. शिव, शिव, शिव! आता यात खरं किती आणि तिखटमीठ किती, ते ज्याचं त्यानं ठरवावं. पण गेली पाऊणशे वर्षं ही गोष्ट सांगितली जातेय आणि ऐकणारा मान डोलावतोय, यावरून त्या काळच्या लोकांची अब्रू कुठवर गेली होती, याचा अंदाज यावा.

या सामुदायिक बेशिस्तीमागचा इसम म्हणजे मिल्टन बर्ल. चाळिशीला टेकलेला, दात पुढे, तोंडाचा पट्टा अखंड चालू आणि अंगात कधी काय चढवून येईल याचा नेम नाही. 8 जून 1948 या दिवशी एनबीसी वाहिनीवर 'टेक्सॅको स्टार थिएटर' सुरू झालं. पहिल्या उन्हाळ्यात सूत्रधार आलटूनपालटून यायचे, त्यातला हा एक. सप्टेंबरात बाकीच्यांना नारळ मिळाला आणि याच्या हाती कायमच्या किल्ल्या आल्या. झालं! तिथून पुढे अमेरिकेला दर मंगळवारी ताप भरू लागला. ऐन भरात तर टीव्ही सुरू असलेल्या शंभरातल्या ऐंशी घरांत एकच चेहरा दात विचकत असायचा. उरलेली वीस घरं काय करत होती, हा प्रश्न आम्हाला अजून छळतो. माणसं आजारी असावीत, किंवा घरात कुणी फार कडक म्हातारी असावी.

हॉटेलवाल्यांनी कपाळाला हात लावला. नाटकवाले आणि सिनेमावाले मंगळवारी रिकाम्या खुर्च्या मोजू लागले. ओहायोतल्या एका थिएटरच्या मॅनेजरनं तर लाज कोळूनच प्यायली. त्यानं दारावर पाटी लावली, मंगळवारी बंद, मलाही बर्ल बघायचाय. आता बोला! ज्यानं गावाला करमणुकीला बोलवायचं, तोच गल्ल्याला कुलूप घालून दुसऱ्याच्या करमणुकीला पळाला. धंद्याशी अशी गद्दारी आणि तीही पाटी लावून!

बरं, टीव्ही म्हणजे तेव्हा काही घरोघरची वस्तू नव्हती. आरसीए कंपनीचा दहा इंची पडद्याचा संच 375 डॉलरना पडायचा, म्हणजे मध्यमवर्गीय कुटुंबाची महिन्याची सगळी कमाई गेली तरी वर उधारी उरायची. त्यामुळे टीव्ही असायचा गुत्त्यात, नाहीतर गल्लीतल्या एखाद्या भाग्यवंताकडे. मग त्या भाग्यवंताची अवस्था काय वर्णावी! ज्यांच्याशी कुंपणावरून वर्षभर रामराम नाही, ती माणसं मंगळवारी संध्याकाळी साडेसातला हसतमुखानं दारात हजर. पाहुणे सोफ्यावर, पाहुण्यांची पोरं गालिच्यावर आणि घरमालक स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभा. असा आठवडेन् आठवडे उभा राहिलेला माणूस शेवटी दुकानात जाऊन दुसरा टीव्ही घ्यायला सांगणार कुणाला? शेजाऱ्यालाच! आणि शेजारी घेतही. बर्ल आला तेव्हा साऱ्या देशात टीव्ही संच पाच लाखांच्या घरात होते. 1956 मध्ये त्याचा कार्यक्रम बंद झाला तेव्हा आकडा तीन कोटींच्या पुढे गेला होता. सगळं श्रेय त्याचं असं शपथेवर कोण म्हणेल? पण 'मिस्टर टेलिव्हिजन' ही पदवी लोकांनी त्याला दिली, टीव्हीतल्या निर्वाताच्या नळ्या बनवणाऱ्या कुणा शास्त्रज्ञाला दिली नाही. त्याच्याच गोतावळ्यातले विनोदवीर यावर टोमणा मारायचे, की बर्लमुळे जेवढे टीव्ही विकले गेले तेवढे कुणामुळेच नाहीत. मी माझा विकला, माझ्या बापानं त्याचा विकला.

यापुढचं ऐकाल तर कानावर हात ठेवाल. एका कार्यक्रमाच्या शेवटी वेळ उरला, म्हणून यानं कॅमेऱ्याकडे बघून पोरांना दम भरला की आता निमूट अंकल मिल्टीचं ऐका आणि झोपायला जा. आणि पोरं गेली! जी कार्टी आईच्या दहा हाकांना भीक घालत नव्हती, ती या दात पुढे असलेल्या परक्या माणसाच्या एका वाक्यावर अंथरुणात. तेव्हापासून तो लाखो पोरांचा काका झाला. आईबापांनी आनंद मानायचा की अपमान, हे ठरेपर्यंत पुढचा मंगळवार उजाडायचा.

आता मुळात हा करायचा काय? करायचा ते सांगायलाही संकोच वाटतो. आरंभी पेट्रोल पंपावरच्या नोकरांच्या कडक इस्त्रीच्या गणवेशात चार जण एका ओळीत उभे राहून पैसे पुरवणाऱ्या टेक्सॅको तेलकंपनीची आरती म्हणायचे. मग पडदा बाजूला आणि बर्ल आत. बर्ल म्हणजे कोण? एकदा क्लिओपात्रा. एकदा डोक्यावर फळांची टोपली घेतलेली नटी कार्मेन मिरांडा. एकदा लग्नाच्या पोशाखातली नवरी. चाळिशीचा, निबर चेहऱ्याचा बाप्या लालभडक ओठ करून, उंच टाचांवर डुगडुगत, घोट्यावर मुरगळत चालायचा आणि समोरची सभ्य मंडळी खुर्चीतून खाली पडायची. त्याला नाजूकपणाचा आव आणायचाच नसायचा. छातीचे केस झग्यातून डोकावले तरी फिकीर नाही. उलट, तेच तर दाखवायचं होतं!

आणि तो पावडरीचा प्रकार. कार्यक्रमात कुणाच्याही तोंडून, अगदी गंभीर चेहऱ्याच्या पाहुण्याच्या तोंडूनसुद्धा, 'मेकअप' हा शब्द निघायचा अवकाश, की विंगेतून एक ठेंगू माणूस तीरासारखा धावत येणार. हातात पावडर लावायचा गोंडा, पण केवढा, तर चांगल्या उशीएवढा. येतो तो सरळ बर्लच्या थोबाडावर फाडकन! पांढऱ्या भुकटीचा ढग उठतो, बर्ल मागे कोलमडतो, पापण्या मिचकावत, नाकातली पावडर शिंकरत उभा राहतो आणि तोवर तो ठेंगू आल्या वाटेनं पसार. दर आठवड्याला हेच. सगळ्यांना ठाऊक की शब्द येणार, शब्द आला की गोंडा येणार, आणि तरीही लोक नव्यानं हसणार. बर्लच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य मात्र अस्सल दिसायचं, कारण ठेंगू हात राखून मारत नसे. हे सगळं थेट प्रक्षेपण बरं का. चुकलं तर चुकलं, विग घसरला तर घसरला, पुन्हा चित्रीकरण नाही. उलट विग घसरला की याला जास्तच चेव यायचा.

हे असं धंदेवाईक बेशरमपण एका रात्रीत येत नाही. त्याला लहानपणापासून संस्कार लागतात, आणि इथे संस्कारांची जबाबदारी आईनं घेतली होती. 1908 मध्ये न्यू यॉर्कच्या हार्लेम भागात जन्मलेल्या मेंडेल बर्लिंगरचा बाप रंग-वॉर्निश विकायचा, पण घर चालायचं ते आई साराच्या हिकमतीवर. ती मोठ्या दुकानात चोर पकडणारी गुप्तहेर होती. पाचव्या वर्षी पोरानं चार्ली चॅप्लिनची नक्कल करून बक्षीस मिळवलं आणि बाईंनी तिथेच ओळखलं की या घरातला खरा माल हा आहे. तिथून दौरे, व्हॉडव्हिलची, म्हणजे नाच-गाणी-नकलांच्या खेळांची थिएटरं, आगगाड्या आणि धर्मशाळेच्या तोंडात मारतील अशी हॉटेलं. बालपणी मूकपटांत कोणकोणत्या भूमिका केल्या याची बर्ल पुढे जी यादी सांगायचा, ती ऐकून सिनेमाचे जाणकार नाकं मुरडतात. मुरडोत. आईनं मात्र यादी तपासायचं काम कधी केलं नाही. तिचं काम वेगळं होतं. पोरगा रंगमंचावर आणि ही प्रेक्षकांत. विनोद पडायच्या बेतात आला की हिचं खणखणीत हसू आधी उठायचं आणि मागून सगळं थिएटर ओढलं जायचं. चोर पकडणारी बाई प्रेक्षकांत बसून हसण्याची फसवणूक करत होती, आणि तीही वर्षानुवर्षं! मुलगा मिस्टर टेलिव्हिजन झाल्यावरसुद्धा तिनं हा वसा टाकला नाही. 1954 मध्ये ती गेली. त्याच सुमाराला मुलाचाही उतार लागला, हा योगायोग असेल. आम्ही आपलं नुसतं सांगतो.

चोरीचा विषय निघालाच आहे, तर तेही होऊन जाऊ दे. इतरांचे विनोद बिनदिक्कत उचलणारा म्हणून बर्लची कीर्ती टीव्हीवर यायच्या आधीपासून होती. वॉल्टर विन्चेलसारख्या नामांकित वार्ताहरानं तर छापील नावंच ठेवली. दुसरा असता तर अब्रूनुकसानीच्या दाव्याला उभा राहिला असता. यानं काय केलं? तीच नावं आपल्या कार्यक्रमात विनोद म्हणून वापरली! दुसऱ्याच्या विनोदावर मी इतका हसलो की हातातली पेन्सिल खाली पडली, अशा धाटणीचं तो स्वतःच बोलायचा. हजारो विनोदांची वर्गवारी करून ठेवलेली त्याची फाइल हा त्याचा खरा ठेवा होता, आणि म्हातारपणी त्यानं तिची पुस्तकंही काढून विकली. चोरीचा माल म्हणावा तर मालकाचा पत्ता नाही, आणि विकणारा दिवसाढवळ्या सही करून विकतोय.

याच माणसाचा रेडिओवर मात्र कधी जम बसला नव्हता. चाळीसच्या दशकात एकामागून एक कार्यक्रम झाले आणि आपटले. आपटणारच. रेडिओवर झगा दिसत नाही, गोंडा दिसत नाही, घोटा मुरगळलेला कळत नाही. रेडिओचे राजे होते शब्दांचे, ठेक्याचे, नेमक्या जागी गप्प बसणारे. गप्प बसणं बर्लच्या कुंडलीतच नव्हतं. टीव्हीनं पहिल्यांदा डोळे उघडले तेव्हा समोर बघण्यासारखं काहीतरी हलायला, पडायला, आदळायला हवं होतं. धुरकट, दहा इंची, करड्या पडद्यावरसुद्धा ओळखू येईल एवढं ढोबळ. खेडोपाडीच्या थिएटरांत शेवटच्या रांगेतल्या माणसाला हसवून हसवून ज्याचे हावभाव मोठे झाले होते, असा गडी आयता मिळाला. व्हॉडव्हिल मरत होतं. बर्लनं त्याचं प्रेत उचललं आणि एनबीसीच्या स्टुडिओत आणून नाचवलं. रॉकफेलर सेंटरमधला 6बी हा स्टुडिओ मुळात रेडिओचा होता. तिथे तालमीला हा गळ्यात टॉवेल आणि शिट्टी अडकवून फिरायचा. दिवे कुठे, कॅमेरा कुठे, वाद्यवृंदानं कधी थांबायचं, पाहुण्यानं कुठे उभं राहायचं, सगळ्यांना शिट्टी. दिग्दर्शक नावाचा पगारी माणूस तिथे होता, त्यानं बहुधा मन रमवायला काही छंद लावून घेतला असावा.

16 मे 1949. 'टाइम' आणि 'न्यूजवीक' ही एकमेकांचं तोंड न बघणारी दोन साप्ताहिकं एकाच आठवड्यात एकाच माणसाचा चेहरा मुखपृष्ठावर घेऊन बाजारात आली. जगात काय बातम्यांचा दुष्काळ होता? बर्लिनची नाकेबंदी त्याच आठवड्यात उठली होती! पण स्टॅलिनला कुठे फळांची टोपली डोक्यावर घेऊन नाचता येत होतं? त्याआधी एप्रिलात बर्लनं कर्करोग निधीसाठी सलग 16 तास टीव्हीवर उभं राहून देणग्या गोळा केल्या. असा अखंड मदतनिधी कार्यक्रम टीव्हीनं त्याआधी पाहिला नव्हता. मग 1950 च्या जानेवारीत टीव्हीवाल्यांचा एमी पुरस्कार आला. पुरस्काराचं नावही गमतीचं होतं, सर्वोत्तम किनेस्कोप व्यक्तिमत्त्व. पूर्व किनाऱ्यावर कार्यक्रम थेट दिसायचा, पण कॅलिफोर्नियापर्यंत थेट प्रक्षेपण पोचतच नव्हतं. म्हणून टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून चित्रण करायचं आणि डबे टपालानं पश्चिमेला धाडायचे. म्हणजे पुरस्कार देणाऱ्या हॉलिवूडकरांनी बर्ल पाहिला तो शिळा आणि अंधुक. तरी घायाळ!

आणि 1951 मध्ये एनबीसीनं जे केलं, त्यापुढे सगळ्या क्लिओपात्रा फिक्या. त्यांनी बर्लशी करार केला, चांगला 30 वर्षांचा. दर वर्षी 2 लाख डॉलर, काम असो वा नसो, फक्त दुसऱ्या वाहिनीचं तोंड बघायचं नाही. तीस वर्षं! लग्नंसुद्धा तेवढी टिकत नव्हती. निदान तोवरची बर्लची तरी नाही. जॉइस मॅथ्यूज नावाच्या नटीशी त्यानं दोनदा लग्न केलं आणि दोनदा काडीमोड घेतला. पुन्हा तिच्याशीच का, असं विचारलं तर म्हणायचा, तिला पाहून मला माझ्या पहिल्या बायकोची आठवण झाली. अशा माणसाशी करार करणाऱ्या कंपनीच्या वकिलांना नजर तरी लागली असावी, नाहीतर तेही मंगळवारी टीव्ही बघत असावेत.

मग एका मंगळवारी समोरून चक्क धर्म आला. फेब्रुवारी 1952 मध्ये ड्युमाँट या छोट्या वाहिनीनं ऐन आठ वाजता बर्लच्या समोर बिशप फुल्टन शीन यांना उभं केलं. ना गाणं, ना नाच. एक फळा, एक खडू, खोल आवाज, भेदक डोळे आणि खांद्यावरून रुळणारा झोकदार झगा. आता न्याय बघा. एका वाहिनीवर झगा घातलेला माणूस बघून हसलात तर चालतं, दुसऱ्या वाहिनीवर झगा घातलेला माणूस बघून हसलात तर पाप. आणि बिशप काही साधे नव्हते. अचूक जागी थांबायचं, मग हळूच चिमटा काढायचा, हे तंत्र त्यांना पुरतं अवगत. बर्लच्या प्रेक्षकांतले बरेच जण तिकडे सरकले. बर्लनं मोठ्या मनानं त्यांना अंकल फुल्टी केलं आणि सांगितलं की आम्ही दोघं एकाच मालकाचे नोकर, स्काय चीफचे. स्काय चीफ हे टेक्सॅकोच्या पेट्रोलचं नाव. पुढच्या वर्षी एमी बिशपना मिळाली, तेव्हा त्यांनीही आपल्या लेखकांचे आभार मानले, बायबलातल्या मॅथ्यू, मार्क, ल्यूक आणि जॉन यांचे. हशा कुणाच्या वाट्याला जास्त गेला, यावर धर्मसभा बसायला हरकत नव्हती.

एवढी नाकं मुरडून झाल्यावर एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण त्या सगळ्या काळात खरोखर लाज वाटावी असं घडलं ते झगा घातलेल्या माणसाकडून घडलं नाही. फोर स्टेप ब्रदर्स हे चार काळे नर्तक टॅप नाचात अव्वल. बर्लनं त्यांना कार्यक्रमात घेतलं. जाहिरातदारांच्या बाजूनं निरोप आला की हे चालणार नाही. कारण कुणी तोंडानं बोलेना, पण सगळ्यांना ठाऊक होतं. बर्लनं आत्मचरित्रात सांगितलंय त्याप्रमाणे, त्यानं कळवलं की ते नाचणार नसतील तर मीही जाणार नाही. देशभर टीव्ही तापलेले, चार पंपवाले गायला उभे, आणि नवरदेव बोहल्यावर चढायला तयार नाही. आठ वाजायला दहा मिनिटं असताना सूटबूटवाल्यांनी मुकाट मान डोलावली आणि चौघे नाचले. लिपस्टिक लावणाऱ्यांवरून देशाचा नीतिपाठ चाललेला असताना इस्त्रीच्या कॉलरवाले काय काय गुपचूप रोखत होते, याची ही एक झलक. नंतर तोंड धुऊन टाकता येतं ते लिपस्टिकचं.

आणि अखेर या खुळाचा जीव कशात होता, तेही याच सूटबूटवाल्यांच्या वहीत लिहिलेलं होतं. 1948 मध्ये सरकारनं नव्या टीव्ही केंद्रांचे परवाने थांबवले आणि 1952 पर्यंत थांबवूनच ठेवले. त्यामुळे बर्लचा सारा बहर होता तो मुख्यतः मोठ्या शहरांतला. न्यू यॉर्कसारख्या शहरांतल्या, ज्यू आजीच्या टोमण्यावर मोठे झालेल्या, व्हॉडव्हिलच्या थिएटरांत लहानपण घालवलेल्या लोकांचा. त्यांना तो आपल्या गल्लीतलाच वाटायचा. 1951 च्या सप्टेंबरात थेट प्रक्षेपण पश्चिम किनाऱ्याला भिडलं, पुढच्या वर्षी परवाने सुटले, गावोगावी अँटेना उभ्या राहिल्या. आणि आयोवाच्या मक्याच्या शेतातल्या माणसानं पहिल्यांदा बर्ल बघितला तेव्हा त्यानं बायकोला विचारलं असणार, हा ओरडतोय का? पडद्याजवळ बसून घरच्यासारखी बोलणारी विनोदी नटी ल्युसिल बॉल त्याला जास्त आवडली. तिचं 'आय लव्ह ल्यूसी' 1951 च्या ऑक्टोबरात आलंच होतं. 1950-51 च्या मोसमात पहिला असलेला बर्ल पुढच्या वर्षी दुसरा, त्याच्या पुढच्या वर्षी पाचवा. वाहिनीनं गुडमन एस हा मुरब्बी लेखक आणून त्याला माणसाळवायचा घाट घातला. झगे कमी, गोंडा जवळजवळ बाद. म्हणजे जे बघायला लोक यायचे तेच काढून टाकलं आणि मग विचारलं, लोक का येत नाहीत?

1953 मध्ये टेक्सॅकोनं हात झटकले. ब्यूइक मोटारवाले आले आणि दोन वर्षांनी त्यांनीही गाडी दुसऱ्या विनोदवीराच्या, जॅकी ग्लीसनच्या दारात नेऊन लावली. वर जखमेवर मीठ म्हणून समोरच्या वाहिनीवर, त्याच मंगळवारी, त्याच तासात, फिल सिल्व्हर्सचा लबाड सार्जंट बिल्को अवतरला आणि बर्लचा प्रेक्षक घेऊन गेला. फिल सिल्व्हर्स कोण? बर्लचा जुना दोस्त! दोस्ती मंगळवार सोडून बाकीचे सहा दिवस.

पण जाता जाता या गृहस्थानं काय उद्योग करून ठेवला ते तर बघा. 3 एप्रिल 1956 ला सॅन डिएगोत एका विमानवाहू युद्धनौकेवरून कार्यक्रम होता. पाहुणा म्हणून एकवीस वर्षांचा, केसांना तेल चोपडलेला, टेनेसीकडचा एक पोरगा. एल्व्हिस प्रेस्ली. बर्ल त्याचा जुळा भाऊ मेल्विन बनून आला आणि एल्व्हिसला सगळं मीच शिकवलं असं सांगू लागला. इथवर ठीक. 5 जूनला तोच पोरगा पुन्हा आला, यावेळी हातात गिटार नाही. गिटार नाही म्हणजे कंबर झाकायला काही नाही! 'हाउंड डॉग' गाताना शेवटी त्यानं ताल संथ केला आणि मग जी काही कंबर हलवली, तिचा पंचनामा करताना वर्तमानपत्रांची शाई संपत आली. टीकाकार खवळले, पाद्री खवळले, आयांनी पत्रांचा पाऊस पाडला. आठ वर्षं झग्यात नाचलेल्या बर्लवर कुणी तशी झोड उठवली नव्हती. आणि उठवतील कशी? बर्लला बघून हसू यायचं. या पोराला बघून त्यांच्या मुलींना भलतंच काहीतरी होत होतं. बर्लचा हा नेहमीचा कार्यक्रम त्याच जूनमध्ये संपला. पोरगं मात्र मोठं झालं. अंकल मिल्टीनं ज्या पोरांना झोपायला पाठवलं होतं, ती आता वयात आली होती आणि मुळीच झोपायला तयार नव्हती.

त्यानंतर अंकलची वणवण सुरू झाली. कराराचे पैसे येत होते आणि काम मात्र येत नव्हतं. 1960 मध्ये तर 'जॅकपॉट बोलिंग' नावाच्या कार्यक्रमात, लोक चेंडू घरंगळवून लाकडी पिना पाडत असताना, मधल्या वेळात विनोद सांगायला हा उभा. जो एकेकाळी जलाशयांची पातळी खाली आणायचा, तो आता पिना खाली पडायची वाट बघत होता. शेवटी 1965 मध्ये त्यानं वर्षाला 1 लाख 20 हजारांवर समाधान मानून इतरत्र काम करायची मुभा सोडवून घेतली. मग सिनेमे, मालिका, 'बॅटमॅन'मध्ये खलनायक, क्लबांतले मेळावे, तोंडात सिगार. 1979 मध्ये 'सॅटरडे नाइट लाइव्ह'नं त्याला पाहुणा सूत्रधार म्हणून बोलावलं. तिथली तरुण मंडळी कमी बोलून हसवणारी, आणि हा त्यांच्या वाक्यांवर चढून, कॅमेऱ्यात डोळे वटारून, आपले जुने हातखंडे खेळत सुटला. शेवटी लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवाव्यात याचीही सोय त्यानं आधीच करून ठेवली होती म्हणतात. निर्मात्यानं तो भाग पुढे वर्षानुवर्षं पुन्हा दाखवूच दिला नाही. आईनं जे प्रेक्षकांत बसून केलं, ते मुलगा सत्तरीत स्वतःच्या हिकमतीवर करत होता. याला म्हणतात घराण्याची तालीम.

1984 मध्ये टेलिव्हिजन हॉल ऑफ फेमच्या पहिल्याच सातांत त्याचं नाव आलं, ल्युसिल बॉलच्या जोडीनं. पण बर्लला मान पुरत नसे, माल हवा असे. वयाच्या एक्क्याण्णवव्या वर्षी त्यानं एनबीसीवर दावा ठोकला की माझ्या जुन्या कार्यक्रमांच्या किनेस्कोप फिल्म तुम्ही हरवल्या. पुढे त्या सापडल्या, आणि सापडल्या त्या त्याच कंपनीच्या गोदामात. ज्याच्या जिवावर टीव्हीचं दुकान उभं राहिलं त्याचा माल कुठल्या फळीवर ठेवलाय, हे दुकानदाराला आठवत नव्हतं.

27 मार्च 2002 ला, वयाच्या 93 व्या वर्षी, तो लॉस एंजेलिसमध्ये गेला. त्याच दिवशी दिग्दर्शक बिली वाइल्डर गेला आणि विनोदी नट डडली मूरही गेला. आयुष्यभर दुसऱ्याच्या वाक्यावर चढून बोलणाऱ्याला मरणाची बातमी मात्र दोघांबरोबर वाटून घ्यावी लागली.

आता एवढं सगळं ऐकल्यावर आमच्यासारख्या सभ्य माणसानं या बर्लला चार शब्द सुनावायला हवेत, हे खरं. पण हिशेब मांडायला बसलं की बोट अडतं. ज्या मालकांनी त्याला अख्ख्या देशाला टीव्हीची चटक लावायला वापरलं, त्यांनी चटक लागल्याबरोबर त्याला बाजूला ठेवला. आणि त्यानं काय केलं? काम नसलेल्या वर्षांचेही पैसे मोजून घेतले, 1981 मध्ये तो तीस वर्षांचा करार संपताना पाहिला आणि त्यापुढे आणखी एकवीस वर्षं सिगार ओढत जगला. विनोद चोरले म्हणून ज्याला आयुष्यभर नावं ठेवली, त्या माणसानं एनबीसीला मात्र पैसे घेऊन, कागदावर सही करून, राजरोस गंडवलं. चोरीत एवढा चोखपणा आम्ही दुसरीकडे कुठे पाहिला नाही.